गॅसच्या रकान्यातली रेघ

मुरडे हे त्याचं आडनाव नव्हतं. जगात जे जे काही आहे त्याकडे बघून नाक मुरडायची त्याची सवय होती, त्यावरून कारखान्यात कुणीतरी पंधरा वर्षांपूर्वी ते नाव ठेवलं, आणि ठेवणाऱ्याकडे बघूनही त्याने नाक मुरडलंच. नवे हातमोजे आले की त्याला जुने बरे वाटायचे. जुने फाटले की असले हातमोजे माणसाला देतात का, म्हणून कुरकुर. पंखा लावला तर वाऱ्याने वेल्डिंग बिघडतं, बंद केला तर जीव घुसमटतो. मालकाने शेडवर नवे पत्रे टाकले तेव्हा सगळे वर बघून खूश झाले, हा म्हणाला, "आता उन्हाळ्यात भट्टीच झाली म्हणायची." पुढे उन्हाळा आला आणि भट्टी झाली. मुरड्याचं दुखणं हेच होतं, की बऱ्याच वेळा तो बरोबर असायचा.

एका गोष्टीला मात्र नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती, ती म्हणजे त्याचं वेल्डिंग. कारखाना टाक्यांचा. तेलाच्या, पाण्याच्या, रसायनांच्या, आठ-दहा टनांच्या लोखंडी टाक्या. लांबलचक शेडच्या एका टोकाला काचेची खिडकी असलेलं ऑफिस, दुसऱ्या टोकाला अंगण, अंगणात क्रेन. टाकी तयार झाली की तिला चार कान लावायचे, म्हणजे भोकं पाडलेल्या चार जाड पट्ट्या. त्या कानांत साखळ्या अडकवून क्रेन टाकी उचलते आणि ट्रकवर ठेवते. अख्खं ओझं वेल्डिंगच्या त्या चार शिवणींवर, म्हणून कान लावायचं काम मुरड्याशिवाय कुणाला मिळत नसे.

साखळ्या अडकवायचं काम त्याच्या धाकट्या भावाकडे होतं. हाही मुरड्याच्या दृष्टीने घराण्याला लागलेला डागच. "आमचा धाकटा म्हणजे काय," तो म्हणायचा, "कडी अडकवायची, कडी काढायची. दाराला असते ती अक्कल पुरते." धाकटा हे ऐकून हसायचा. दोघे भाऊ एकाच घरात राहत. मुरड्याची बायको जाऊन सहा वर्षं झाली होती, जेवणखाण धाकट्याच्या बायकोच्या हातचं, आणि त्या जेवणातही मीठ कधी बरोबर पडलं नव्हतं.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मालकाचा जावई कारखान्यात आला. मालकाला एकच मुलगी आणि त्या मुलीला एकच नवरा, हे दोन योग एकत्र आल्यावर दुसरं काय होणार? जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. हा तर थेट खरेदी विभागात येऊन बसला. अंगात पांढराशुभ्र शर्ट. वेल्डिंगच्या कारखान्यात पांढरा शर्ट घालून येणाऱ्या माणसाबद्दल आणखी काही सांगायची गरज नाही असं मुरड्याचं मत होतं, तरी तो सांगायचाच.

पहिल्याच आठवड्यात जावईबापूंनी गॅसमध्ये हात घातला. कारखान्यात फ्लक्सची तार वापरत. ही तार आतून पोकळ, पोटात पूड भरलेली. जळताना तिच्यावर नळीतून गॅस सोडायचा, म्हणजे वितळलेल्या लोखंडाला हवा लागत नाही. गॅस वर्षानुवर्षं एकच, सीओटू. शिवण खोल जाते, शिंतोडे मात्र भरपूर उडतात आणि नंतर घासत बसावं लागतं. जावईबापूंनी आर्गॉन तीन भाग आणि सीओटू एक भाग अशा मिक्सचे सिलिंडर मागवले आणि सगळ्यांना उभं करून अर्धा तास समजावलं.

"गिऱ्हाईक काय बघतं? बाहेरून बघतं," ते म्हणाले. "मिक्समध्ये शिवण कशी लोण्यासारखी येते बघा."

"लोण्याने टाकी उचलायची आहे का?" मुरड्याने विचारलं.

पोरं हसली. जावईबापूंचे कान लाल झाले. खरं सांगायचं तर त्या तारेच्या डब्यावर दोन्ही गॅस छापलेले होते, दोन्ही चालत होते, आणि मिक्समध्ये हात हलका चालतो हे मुरड्याला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण कळणं वेगळं आणि कबूल करणं वेगळं. त्याने कबूल केलं नाही. जावईबापूंनीही ते लोणी विसरलं नाही, आणि त्या दिवसापासून ते मुरड्याला 'काका' म्हणू लागले, लहान मुलाशी बोलतात त्या आवाजात.

मग ती तार आली. नेहमीची संपली होती, व्यापाऱ्याकडेही नव्हती, त्याने दुसरीच पाठवली आणि जावईबापूंनी उतरवून घेतली. आठ टनांची एक टाकी तयार होती, फक्त कान लावायचे राहिले होते. मुरड्याने डबा उघडला आणि सवयीप्रमाणे आधी झाकणावरचा कागद वाचला. तारेची जाडी, करंट, कुठली केबल कुठे लावायची, सगळं रकान्यारकान्यांत छापलेलं. शेवटचा रकाना गॅसचा. त्यात काहीच लिहिलं नव्हतं, नुसती एक आडवी रेघ.

ती रेघ बघताच त्याला सगळं कळलं. ही बिनगॅसची तार होती, उघड्या माळावर, वाऱ्यात काम करायची. तरुणपणी त्याच्या उस्तादाने त्याला हे एकदाच आणि कायमचं शिकवलं होतं. या तारेच्या पोटात हवेशी झुंजायला ॲल्युमिनियमची पूड असते. वरून गॅस सोडलास तर हवा येत नाही, झुंजायला कुणी उरत नाही, आणि ते सगळं ॲल्युमिनियम शिवणीतच राहून तिला ठिसूळ करून टाकतं. "राखणीचा कुत्रा," उस्ताद म्हणाले होते, "चोर मिळाला नाही की घरच्यांना चावतो." मग त्यांनी तशी केलेली एक शिवण व्हाइसच्या जबड्यात आवळून एका ठोक्यात तोडून दाखवली होती.

"जावईबापू," मुरडे म्हणाला, "गॅसपुढे रेघ आहे."

"बघितली मी," जावईबापू म्हणाले. त्यांनी बघितली नव्हती. आता वाकून बघितली. "रेघ म्हणजे अट नाही. कुठलाही चालतो. आपला मिक्स लावा."

मुरड्याने सांगायला तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात जावईबापूंनी डब्याला लागलेलं बोट रुमालाने पुसलं आणि म्हणाले, "काका, वाचायचं आमच्यावर सोडा. तुम्ही फक्त बटण दाबा."

मुरड्याने तोंड मिटलं. त्याच्या मनात एक विचार आला आणि तो त्याला इतका गोड वाटला की त्या दिवशी जेवणाच्या डब्यातल्या भाजीलाही त्याने नाव ठेवलं नाही. टाकी बाहेर पडण्याआधी तपासनीस साहेब यायचे. दर वेळी त्याच तारेने, त्याच गॅसवर केलेला एक नमुना मागायचे, व्हाइसमध्ये धरायचे आणि मोडून बघायचे. नियमच होता तो. या खेपेला त्यांची तारीख नऊ दिवसांवर होती. म्हणजे नऊ दिवसांनी, मालकाच्या डोळ्यांदेखत, तो नमुना काचेसारखा तुटणार. साहेब विचारणार, गॅस कुणी ठरवला? आणि पांढऱ्या शर्टातून आवाज फुटणार नाही. बटण दाबणारा मात्र बाजूला हात बांधून उभा असेल. बस, एवढंच त्याला हवं होतं.

त्याने केबली बदलून उलट लावल्या. या तारेला त्या तशाच लागतात.

"हे काय करताय?" जावईबापूंनी विचारलं.

"डब्यावर लिहिलंय."

"हो हो, बरोबर," जावईबापू म्हणाले. अर्धा कागद पाळायचा आणि अर्धा सोडायचा, हे कुठलं शास्त्र, असं एखाद्या पोराने तरी विचारलं असतं. जावईबापूंना ते सुचलं नाही.

आणि शिवण अशी उतरली की बघत राहावं. एक शिंतोडा नाही. खपली आपोआप सुटून पडली, खाली चंदेरी, एकसारखी लहर. चारही कान तसेच. एवढं देखणं काम मुरड्याच्या हातून उभ्या जन्मात झालं नव्हतं. शेडमधली पोरं येऊन बघून गेली, मालक येऊन बघून गेले. जावईबापूंनी नमुने दोन करून घेतले. एक साहेबांसाठी, आणि एक त्यांनी सासऱ्यांच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवला. आल्यागेल्याला ते तो उचलून दाखवत, आणि बाहेर मुरडे गालातल्या गालात हसे. वरलिया रंगा भुलणारी जात, तो मनात म्हणायचा. अजून नऊ दिवस भुला.

नवव्या दिवशी साहेब आले. पाठ धरली होती म्हणून कमरेला पट्टा होता. त्यांनी शिवणीवरून अंगठा फिरवला, चष्मा पुसून पुन्हा बघितलं, आणि नमुना हातात घेऊन म्हणाले, "असं काम मोडायचं पाप मी कशाला करू? आणि या पाठीने घण कोण उचलणार?" शिक्का काढला आणि उमटवून टाकला.

मुरड्याचं सगळं गणित तिथे बसल्या जागी कोसळलं. "साहेब, मोडून बघा," तो म्हणाला. "नुसतं डोळ्याने बघून शिवण कळत असती तर घण कशाला लागला असता?"

साहेब हसले. मालक हसले. "बघा," मालक म्हणाले, "याला स्वतःचं कामसुद्धा पसंत नाही." त्यावर जावईबापू सगळ्यांत मोठ्याने हसले. तेव्हाच मुरड्याला सगळं सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे नऊ दिवस माहीत होतं हेही सांगायचं, आणि ते या हसणाऱ्यांपुढे? तो पाठ फिरवून निघाला. बघू उद्या, असं म्हणाला. काय बघायचं ते त्याने स्वतःलाही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला दोघे भाऊ समोरासमोर बसले होते. चहा पातळ झाला होता आणि मुरडे ते सांगायच्या बेतात होता.

"आज ती आठ टनांची जायची आहे," धाकटा म्हणाला. "ट्रक भिंतीला खेटून उभा केलाय. टाकी वर गेली की खालून जाऊन फिरवायला लागेल."

"खालून?"

"दुसरीकडून जागाच नाही रे. तसं कुणाच्या टाकीखाली मी जात नाही. मागे त्या कंत्राटदाराची होती तेव्हा सरळ नाही म्हणालो." त्याने बशीत चहा ओतला. "तुझे कान असले की मी निर्धास्त असतो, दादा. तू जगाला शिव्या घालतोस, पण कामात खोट नाही तुझ्या. हिलासुद्धा मी तेच सांगतो."

मुरड्याच्या हातातला कप तसाच राहिला. नऊ दिवस त्याने नमुना तुटताना डोळ्यांपुढे आणला होता, मालकाचा चेहरा आणला होता, पांढरा शर्ट आणला होता. टाकीखाली कोण उभं राहतं हे त्याला पंधरा वर्षं माहीत होतं आणि त्या नऊ दिवसांत एकदाही आठवलं नव्हतं. तो खरोखर घाबरला. तेव्हाच, त्या टेबलापाशी, धाकट्याला सांगायला हवं होतं. "आज नको जाऊस खाली," एवढंच तो म्हणाला.

"का, कुंडली बघितलीस?" धाकटा हसला, डबा उचलून सायकलवर बसला आणि गेला.

मुरडे पोचला तेव्हा क्रेन सुरू झाली होती. तो अंगणात गेला नाही, धाकट्याच्या तोंडासमोर जायची त्याची हिंमत नव्हती. तो ऑफिसात शिरला. मालक आणि जावईबापू ट्रकचे कागद बघत होते.

"मालक, टाकी उचलू नका. कान तुटतील."

मालकांनी मानही वर केली नाही. "झालं तुझं सुरू."

"तार बिनगॅसची होती. तिच्यावर गॅस सोडला की शिवण ठिसूळ होते. थांबवा."

"मुरड्या," मालक म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, नुसता कंटाळा होता, "पत्रे टाकले तेव्हा तू म्हणालास शेड पडेल. क्रेन घेतली तेव्हा म्हणालास माणसं मरतील. मिक्स आणला तेव्हा म्हणालास टाक्या लोण्याच्या होतील. पंधरा वर्षांत तुला एक तरी गोष्ट बरी दिसली आहे का? साहेबांचा शिक्का आहे."

"काकांना मिक्स पहिल्यापासून खुपतोय," जावईबापू म्हणाले.

पत्रे टाकले तेव्हा शेड पडेल असं तो म्हणाला नव्हता, भट्टी होईल म्हणाला होता. पण आता ते कोण निवडत बसणार? लांडगा आला रे आला, असं पंधरा वर्षं ओरडल्यावर लांडग्यालासुद्धा वाटत असेल की आपण नसूच. खिडकीतून साखळ्या ताणल्या गेल्याचा आवाज आला.

मुरड्याने टेबलावरचा नमुना उचलला. खालचे कागद पंख्याने उडाले. जावईबापू "अहो, अहो" करत मागे आले, त्यांच्यामागे मालक. शेडमधल्या पहिल्याच व्हाइसमध्ये त्याने नमुना आवळला आणि घण उचलला. चांगली शिवण असती तर उभी पट्टी वाकून आडवी झाली असती, शिवण धरून राहिली असती. पहिल्याच ठोक्याला पट्टी सुटून मालकांच्या पायाशी जाऊन पडली. जरासुद्धा वाकली नव्हती. शिवण बरोबर मधून तुटली होती आणि आतून साखरेच्या खड्यासारखी चमकत होती.

मालकांनी ती पट्टी बघितली, आणि मग पन्नाशीचा तो जाडा माणूस अंगणाकडे धावला. टाकी जमिनीपासून वीतभर उचलली होती. धाकटा कडेला वाकून खालचे ठोकळे काढत होता. मालकांनी दोन्ही हात वर करून क्रेन थांबवली, टाकी खाली ठेवायला लावली, आणि ठेवता ठेवता एका कानातून कट् असा आवाज आला. मोठा नव्हता. अंगणातल्या सगळ्यांना ऐकू आला.

पुढचं सगळं शेडमध्ये झालं. जावईबापूंचा चेहरा शर्टासारखा झाला होता. मुरड्याने नऊ दिवस ज्याची वाट बघितली होती तो चेहरा आता समोर होता, आणि त्याच्याकडे बघायला त्याला सवड नव्हती.

"मला सांगायचं होतं ना, काका," जावईबापू हळू आवाजात म्हणाले. "मी ऐकलं असतं." ऐकलं असतं की नसतं, हे आता कुणालाच कधी कळणार नव्हतं.

धाकटा तुटलेली पट्टी हातात घेऊन उभा होता. त्याने ती उलटसुलट करून बघितली.

"तुला कधी कळलं, दादा?"

खोटं बोलायचं मुरड्याच्या मनात आलं. काल कळलं, सकाळी कळलं. पण डब्यावरचा कागद वाचून त्याने केबली बदलल्या होत्या हे सगळ्यांनी बघितलं होतं. "डबा उघडला तेव्हाच."

"म्हणजे नऊ दिवस."

"मला वाटलं, साहेब मोडून बघतील. तेव्हा तुटेल आणि..." तो थांबला.

"आणि जावईबापूंचं नाक कापलं जाईल." धाकट्याने पट्टी व्हाइसशेजारी ठेवली, हळूच, आवाज न करता. "लोक आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात, दादा. तू माझं कापायला निघाला होतास."

धाकटा आवाज चढवून बोलला असता तर बरं झालं असतं. दाराच्या कडीएवढी अक्कल असलेला तो माणूस आपल्याकडे बघतो आहे, आणि आपण शेडमधल्या माणसांकडे ज्या नजरेने बघतो तीच ही नजर आहे, हे मुरड्याने ओळखलं. इतकी वर्षं ती वापरली होती, पण अंगावर घेतली नव्हती.

कान कापून काढले, घासून जागा साफ केली, गॅसवाली तार मागवली आणि मुरड्यानेच नव्याने लावले. साहेबांनी त्या वेळी पट्टा बांधून, स्वतः घण उचलून नमुना मोडला. जावईबापूंना काही झालं नाही, जावयांना काही होत नसतं. मात्र त्यांनी कुठल्या तारेला कुठला गॅस याचा एक तक्ता करून भिंतीवर लावला आणि बिनगॅसच्या तारेपुढे तांबड्या अक्षरांत 'नाही' असं लिहिलं. तक्ता चांगला झाला आहे.

मुरडे अजून त्याच शेडमध्ये आहे, दोघे भाऊ त्याच घरात आहेत, चहा अजून पातळच होतो. धाकटा त्याच्याशी बोलतो, भांडत नाही. फक्त टाकी बाहेर आली की साखळी लावायच्या आधी तो हातोडी घेऊन येतो आणि मुरड्याला हाक मारून टाकीजवळ उभं करतो.

"तार कुठली?"

"गॅसवाली."

"गॅस कुठला?"

"सीओटू," मुरडे सांगतो. किंवा, "मिक्स."

धाकटा मान हलवतो. मग चारही कानांवर एकेक ठोका मारून कान लावून ऐकतो, आणि चारही ऐकून झाले की पहिल्यापाशी परत येऊन आणखी एक मारतो.